भिकन नानांची वाळू

भिकन नानांनी मला टेप विकला नाही. सात वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो, त्यांचा चहा प्यालो, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. धुळे-पिंपळनेर रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या जीपांमध्ये त्यांच्या हातचे टेप वाजत होते, पण माझ्या जीपच्या डॅशबोर्डला शेवटपर्यंत चौकोनी भोकच राहिलं. त्या भोकात मी बिडीचं बंडल आणि देवीचा फोटो ठेवायचो.

इथे मस्कतमध्ये मी ज्या साहेबांची गाडी चालवतो तिच्यात दहा स्पीकर आहेत. दारांत, मागच्या काचेखाली, एक तर सीटच्या पोटात. गेल्या महिन्यात साहेबांनी हा नवा सेट बसवून घेतला आणि गाडीत बसल्याबसल्या मला म्हणाले, "बताओ, पैसा वसूल है कि नहीं?" मी "जी साहब" म्हटलं. नोकरी आहे, दुसरं काय म्हणणार. पण ते उतरून गेल्यावर मी तो सेट बंद केला. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत असलेल्या एकाच माणसाला विचारता आलं असतं, आणि त्यानेच दोनदा दोन वेगळी उत्तरं दिली होती. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने लिहिण्याचा हट्ट करू नये हे मला कळतं. तरी लिहितो, कारण नानांबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

नानांचं दुकान धुळ्यात पाच कंदील चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. पाटीवर नाव नव्हतं, नुसतं 'रेडिओ व टेप' असं लिहिलेलं. आत शिरलं की आधी डाख लावायच्या राळेचा वास यायचा, मग नाना दिसायचे. बारीक अंग, बाह्यांचा बनियन, पायजमा, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावर डाखायच्या कावियाने भाजल्याचे इतके डाग की तो अंगठा दुसऱ्याच माणसाचा वाटायचा. नाना फार हळू बोलायचे. समोरच्याने आपलं तोंड बंद केलं तरच त्यांचं ऐकू येईल, इतपत हळू. आणि घराबाहेर पडले की दोन्ही कानांत कापूस. बाजारात, एस.टी.त, लग्नात, कुठेही. लोक हसायचे. नाना म्हणायचे, "सोनार तराजू गल्लीत उघडा ठेवस का?" कोणाचं बोलणं खरोखर ऐकायचं असलं तर ते त्याच्या बाजूच्या कानातला बोळा काढून मुठीत धरायचे. ज्याच्यासाठी बोळा निघाला तो माणूस त्या दिवशी ताठ चालायचा.

शहरातल्या गिऱ्हाइकांशी ते पुस्तकी मराठी बोलायचे, आमच्याशी अहिराणी. ड्रायव्हर लोकांना ते नावाने हाक मारत नसत, गाडी जिथे जाते त्या गावाच्या नावाने मारत. एक जण साक्री होता, एक नवापूर होता. मी पिंपळनेर.

"काय पिंपळनेर, जित्ता उना का?"

"उनू नाना."

"मंग बैस."

त्यांचा मोठा धंदा दोन गोष्टींचा. एक, गाड्यांत टेप बसवणं. दुसरं, माठांचे स्पीकर. हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आमच्याकडे तेव्हा घरोघर होतं. माठाच्या तोंडावर स्पीकर उताणा बसवायचा, बुडाशी भोक पाडून वायर काढायची, आणि जोडीने दोन माठ खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवायचे. आवाज छताला लागून खाली यायचा, पावसाळी हवेसारखा जड आणि गार. माठ निवडायला नाना स्वतः कुंभारवाड्यात जायचे. कापूस काढून, एकेका माठाला बोटाच्या पेराने वाजवत. शंभरातले चार घ्यायचे. कुंभारीण वैतागून म्हणायची, "नाना, मडकं घेतस का सून देखतस?" नाना म्हणायचे, "सून असती तर इतकं देखतू नही. ती काय जन्मभर एकच सूर लावस?"

महाग मालाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "किंमत डोयाले ऐकू येस, कानले नही." त्या दिवसांत परदेशी टेप-डेकचं वेड नुकतं आलं होतं. कोणाचा भाऊ दुबईहून आणायचा, कोणी मुंबईहून. चकचकीत पुढा, हिरवे-लाल दिवे वर-खाली नाचतायत. दिवे नाचले की माणसाला आवाजही नाचल्यासारखा वाटतो, असं नानांचं म्हणणं. असा कोणी डौलात आला की नाना वाद घालत नसत. ते पडदा बांधायचे.

पडदा म्हणजे त्यांच्या बायकोचं जुनं हिरवं लुगडं. दुकानाच्या मागच्या भागात दोन खिळे होते, त्यांना ते आडवं बांधायचं. पडद्यामागे नानांचे माठ आणि पाहुण्याचे स्पीकर. गिऱ्हाईक पडद्यासमोर स्टुलावर. नियम एकच: जे ऐकलं तेच सांगायचं. आतून नाना एकदा हे वाजवायचे, एकदा ते, आणि गिऱ्हाइकाने नुसतं 'पहिलं' किंवा 'दुसरं' म्हणायचं.

जळगावचे एक डॉक्टर आले होते ते मला आठवतंय. कमरेएवढे उंच स्पीकर मॅटॅडोर टेम्पोमध्ये गादीवर निजवून आणले होते. नानांना दाखवायला म्हणून मुद्दाम जळगावहून धुळ्याला. पाच वेळा वाजवलं. पाचांतल्या चार वेळा डॉक्टरांनी माठच निवडला आणि दर वेळी जास्त खात्रीने. पडदा काढल्यावर त्यांनी माठांमागे जाऊन वायरी तपासल्या. मग म्हणाले, "नाना, तुम्ही काहीतरी केलंय."

"केलंय ना. तुमचे डोळे झाकले."

डॉक्टर मोठ्या मनाचे. त्यांनी माठांची एक जोडी घेतली. पुढे कळलं की त्यांच्या बायकोने उन्हाळ्यात एकातला स्पीकर काढून भोक मेणाने बुजवलं आणि त्यात पाणी भरलं. नाना हे ऐकून इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. "बाई हुशार शे," म्हणाले, "जिन्नस कशाचा शे ते वळखलं."

डॉक्टर हरले त्यात काही केलेलं होतं, हे मात्र खरं. ते मला नानांनीच दाखवलं. कॅसेट वाजताना मागे एक सारखा बारीक 'स्स' असा आवाज असतो, त्याला नाना वाळू म्हणायचे. वाळूचा त्यांना मनापासून तिटकारा. जेवणात खडा लागावा तसं तोंड करायचे. म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक सेटमध्ये, जीपचा असो की घरचा, ते एक लहानसा कंडेन्सर जास्तीचा टाकत, चिंचोक्याएवढा. त्याने वरचा सगळा बारीक आवाज कापला जायचा. वाळू जायची आणि गाणं गोड, गोल व्हायचं. 'भिकन नानाचा गोड सेट' म्हणून धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत नाव होतं ते त्या चिंचोक्यामुळे.

सेट तयार झाला की तपासायला त्यांची कॅसेट ठरलेली. तिच्यावर निळ्या पेनाने 'टेस्ट १' लिहिलेलं. त्यावर नानांच्या बायकोचा आवाज. तिला सगळे अक्का म्हणत. मी तिला पाहिलेलं नाही, मी धुळ्याला लागलो त्याच्या आधीच ती गेली होती. नानांनी पहिला माइक आणला तेव्हा तिला स्वयंपाकघरात उभं करून एक ओवी म्हणायला लावली होती, तिच्या आईची, दळताना म्हणायची. आवाज साधा होता, किंचित फाटका. ती ओवी संपली की गप्प, आणि थोड्या वेळाने बटण बंद झाल्याचा 'टक'. गल्लीतल्या पोरांनासुद्धा ती ओवी पाठ होती. दिवसातून दहा वेळा अक्का गायची.

त्या रेकॉर्डिंगनंतर पाचेक महिन्यांत अक्का गेली. भाजी निवडताना छातीत कळ आली आणि संपलं. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं असलं पाहिजे, आधीपासून त्रास होत असणार. नाना हे सांगायचे तेव्हा त्यांच्या बोलण्यात दुःखापेक्षा चकित झाल्यासारखं जास्त असायचं. "कधी बोललीच नही रे. एकदा बी नही. बोलती तर माले ऐकू येतं नही का? मना कानमाईन काय सुटस?"

आणि खरंच काही सुटत नसे. ते मी सांगू शकतो, कारण मी त्यामुळे जिवंत आहे.

साक्रीच्या स्टँडवर तेव्हा पाच-सहा जीपा एकदम लागायच्या. माणसं गाणं ऐकून गाडी निवडायची. टेप नसलेली जीप शेवटी भरायची, म्हणजे माझी. मी दोन हंगाम पैसे साठवले आणि नानांकडे गेलो. साधा नको, म्हटलं, परदेशी द्या, दिव्यांचा, सगळ्यांपेक्षा मोठा. जीप गल्लीच्या तोंडाशी लावली होती, साक्रीचे पाच पाशिंजर आत बसलेले. नाना माझं बोलणं ऐकतच नव्हते. ते दाराशी आले, कानातला एक बोळा काढला आणि म्हणाले, "गाडी थोडी पुढे ले. आते मांगे ले." मी घेतली.

"मांगलं डावं चाक काढ."

"नाना, पाशिंजर बसेल शेत."

"मी म्हणस काढ."

काढलं. बेरिंगच्या गोळ्यांचा चुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी मला नवापूरचं लग्नाचं भाडं होतं. कोंडाईबारीच्या घाटातून, आत आणि टपावर मिळून वीसेक माणसं. मी तिथेच गल्लीत खाली बसलो. नानांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "तुले टेप भेटाव नही."

"काब्रं नाना?"

"तू भेदरट शे. भेदरट माणूसले गाडी ऐकू येस. त्यामा गाणं घालशी तर तुले बी नही येवाव." वर आणखी, "बाकीसले काय, त्या मरतीन तरी नाचत मरतीन."

मला जन्मभर माझ्या भित्रेपणाची लाज वाटत आली होती. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की मला घाम फुटायचा, म्हणून तर शाळा सुटली. त्या माझ्या भीतीला कोणीतरी कामाची वस्तू म्हटलं ते पहिल्यांदा. माझी जीप शेवटीच भरत राहिली. पण त्या दिवसापासून मी रोज पायरीवर बसायला लागलो.

आता दोंडाईच्याचं सांगतो. सांगू नये असं वाटतं, पण त्याशिवाय नाना पुरे होत नाहीत.

दोंडाईच्याला एक मिरचीचे व्यापारी होते, मोठं घर. त्यांच्या मुलाने मुंबईहून एक सेट आणला होता. खोक्यांवर खोकी, एकेक खोकं दोघांनी उचलायचं. तेवढ्या पैशात माझ्यासारख्याची नवी जीप आली असती. मुलगा स्वतः धुळ्याला नानांकडे आला. पोरगा गोड बोलणारा होता, उर्मट नव्हता.

"नाना, तुमच्या पडद्याचं फार ऐकलंय. आमच्याकडे बांधा की एकदा."

"बांधीन. तुम्हाला समोर बसवीन."

"नाही नाही. समोर तुम्ही बसायचं. पडद्यामागे मी."

नानांना आजवर कोणी पडद्यासमोर बसवलं नव्हतं. मला वाटलं नाही म्हणतील. पण त्यांना गंमत वाटली असावी. माझ्या जीपमध्ये गवत पसरून त्यावर माठ ठेवले, लुगडं घेतलं, टेस्ट १ घेतली, आणि आम्ही दुपारी दोंडाईच्याला पोचलो.

दिवाणखान्यात वीस-पंचवीस लोक जमले होते. शेठ, त्यांचे भाऊबंद, दिवाणजी, दारात बायका. लुगडं बांधलं. नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही कानांतले बोळे काढून माझ्या हातात दिले. मी त्यांच्या खुर्चीला लागून उभा होतो.

पहिल्यांदा अक्काची ओवी माठांतून आली. नाना लगेच म्हणाले, "हाई मनं शे." लोक हसले.

मग दुसऱ्यातून. मला आवाजातलं काही कळत नाही. पण इतकं सांगतो की मी दचकून पडद्याकडे पाहिलं. अक्का पडद्यामागे उभी होती. माठांत ती कुठूनतरी, गावाच्या पलीकडून गायची. इथे ती दोन हातांवर होती. श्वास घेत होती. श्वास घ्यायला जरा जास्तच वेळ लागत होता तिला. बांगडी ओट्याला लागल्याचं ऐकू आलं. वाळू होती, भरपूर होती, पण त्या वाळूमुळे काही अडत नव्हतं. ओवी संपली. जमलेले लोक बोलायला लागले, कोणी टाळी वाजवली. आणि त्या गोंधळाखाली, जिथे नानांच्या सेटमध्ये अकरा वर्षं गप्प असायचं तिथे, अक्का माइकपासून तोंड फिरवून हळूच बोलली:

"बस करा आते. छातीमा दुखी ऱ्हायनं."

त्यानंतर आणखी एक शब्द, किंवा दोन. मग टक.

नानांनी हात वर केला. "मांगे ले," म्हणाले. मुलाने मागे घेतली. लोकांना वाटलं, नाना बारकाईने तपासतायत. तीनदा मागे घेतली. तीन वेळा ती तेच म्हणाली. दिवाणखान्यात सरबत फिरत होतं. मला वाटतं, ते आम्हा दोघांशिवाय कोणीही ऐकलं नाही. ऐकायचंच कशाला, ते सगळे निकालाची वाट बघत होते.

मुलगा पडद्याआडून डोकावला. "बोला नाना. पहिलं की दुसरं?"

नानांचा नियम त्यांचाच होता. जे ऐकलं तेच सांगायचं.

"दुसरं," नाना म्हणाले. "हाई खरं शे."

मोठी टाळी पडली. शेठनी नानांच्या गळ्यात स्वतः हार घातला. हरलेल्या माणसाला हार घालण्याइतके ते चांगले लोक होते. नानांनी तो काढून माठाच्या गळ्यात घातला, लुगड्याची घडी केली आणि निघाले. माठ तिथेच राहिले.

परतताना चिमठाणं गाव मागे पडलं. बोळे माझ्याच खिशात होते, त्यांनी मागितले नाहीत. इंजिनाचा, चाकांचा, वाऱ्याचा सगळा आवाज ते उघड्या कानांनी घेत होते. मग म्हणाले, "तुले बी ऐकू उनं ना?"

"हो नाना."

"काय म्हणे ती?"

मला सांगावं लागलं. पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत मी अक्काचे शब्द अक्काच्या नवऱ्याला सांगितले. अख्ख्या आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

"आनि त्याना मांगून?"

"ते नही समजनं."

ते म्हणाले, "चारदा म्हणायले लावेल व्हती मी तिले. चौथी चांगली उनी म्हणीसन ठेवी. मी काटा देखी ऱ्हायंतू. माइकना काटा. आवाज जास्ती व्हस का कमी." हाताचं बोट हलवून त्यांनी मला तो काटा दाखवला. "ती बोलनी तव्हय तो हालना बी नही."

त्यानंतर नानांनी जे केलं त्याला गावात लोक वेड लागलं म्हणाले. ते एक पिशवी घेऊन घरोघर निघाले. ज्याला-ज्याला सेट दिला होता त्याच्याकडे जायचं, सेट उघडायचा, चिंचोका कापून काढायचा, सेट बंद करायचा, चालू लागायचं. फुकट. स्टँडवर येऊन जीपांमधले कापले. जळगावला डॉक्टरांकडे गेले. लोकांना कळेना. काल गोड वाजणाऱ्या टेपात आज नुसतं स्स-स्स. साक्रीवाला ड्रायव्हर संतापून दुकानात आला.

"नाना, सेट वाळू टाकी ऱ्हायना! गाणं ऐकू का वाळू?"

"वाळू ऐक."

"वाळूमा काय शे?"

नानांनी पिशवी उचलली आणि ते पुढच्या घराकडे निघाले. साक्रीवाल्याने त्याच दिवशी दुसऱ्या मेकॅनिककडून चिंचोका परत टाकून घेतला. एकेक करून सगळ्यांनीच घेतला. एका पावसाळ्यात नानांचं गिऱ्हाईक संपलं. मी पायरीवर बसायचो, तेव्हा आत कावियासुद्धा गरम नसायचा. मी विचारलं, "नाना, लोकसले गोड पाहिजे तर देवानं ना." ते म्हणाले, "मीच दिधं ना अकरा वरीस."

तो शेवटचा शब्द त्यांना सोडत नव्हता. ती दुखतंय म्हणाली, आणि पुढे काय म्हणाली? रागावली का? काही मागितलं का? त्यांना नावाने हाक मारली का? दोंडाईच्याला ते आणखी दोनदा गेले. शेठच्या मुलाने चांगलं वागवलं, पण तो शब्द तिथेही फुटला नाही. मग त्यांच्या डोक्यात बसलं की त्याहूनही महाग यंत्र असलं तर येईल. ज्या माणसाने दोन जिल्ह्यांना सांगितलं होतं की किंमत कानाला ऐकू येत नाही, त्याने दुकान विकलं, वरची राहण्याची खोली विकली, आणि मुंबईहून एक डेक आणि हेडफोन आणला. मी सोबत गेलो नव्हतो. मला सांगितलं असतं तर मी अडवलं असतं का? मला माहीत नाही. नानांना अडवणारा मी कोण?

राहायला ते जळगावला मुलीकडे गेले. मंगला तिचं नाव, जावई शाळामास्तर, दोन खोल्यांचं घर.

माझं मस्कतचं काम ठरलं तेव्हा मी मुंबईची गाडी मुद्दाम जळगावहून धरली. सकाळी अकराच्या सुमाराला मंगलाकडे पोचलो. तिने दारातच मला थांबवलं. "भाऊ, तुमचं ऐकतात म्हणून सांगते. ती कॅसेट लपवून ठेवा कुठेतरी. दिवसभर तेच. मागे-पुढे, मागे-पुढे. टेप झिजून गेली हो. आईचा आवाज तेवढा एक होता माझ्याकडे. तोही पुसला त्यांनी."

आतल्या खोलीत खिडकीखाली स्टुलावर तो डेक होता. काळा, एक दिवा नाही, एक नाच नाही. खरं महाग दिसायला असं असतं हे मला तेव्हा कळलं. नाना भिंतीला टेकून खाली बसले होते. फार वाळले होते. डाव्या अंगठ्यावरचे डाग फिके झाले होते. माझ्याकडे बघून त्यांनी माझ्या बाजूच्या कानातला बोळा काढला.

"काय पिंपळनेर, जित्ता उना का?"

"उनू नाना. मी परदेस जास. पाया पडाले उनू."

"गाडी चालाडशी?"

"हो."

"टेप नको लावजो."

"नही लावाव."

मग त्यांनी हेडफोनची वायर उपटली, म्हणजे मलाही ऐकू यावं, आणि बटण दाबलं. मी ऐकलं. ओवी नव्हती. ओवीच्या जागी काहीतरी वर-खाली होत होतं, माणूस पाण्याखाली बोलावा तसं. मग तेही संपलं आणि नुसती वाळू. दाट, पांढरी, सारखी. मग टक.

नाना पुढे वाकले. "उनं का ऐकू? शेवटलं?"

मला पडद्याचा नियम माहीत होता. जे ऐकलं तेच सांगायचं. पण समोर तो माणूस बसला होता ज्याने मला आणि वीस जणांना घाटातल्या मरणापासून वाचवलं होतं, आणि मी त्याच्यासाठी आयुष्यात काहीच केलं नव्हतं. माझी गाडी दीड तासाने होती. पुन्हा भेट होईल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

"उनं नाना," मी म्हटलं.

"काय म्हणे?"

"म्हणन्यात का... ऱ्हाऊ द्या, मी चहा ठेवस."

नानांनी डोळे मिटले. दाराशी मंगला पदर तोंडाशी धरून उभी होती. नाना म्हणाले, "अजून एकदा सांग."

मी अजून एकदा सांगितलं.

ते तसेच डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिले, मी गप्प झाल्यानंतरही. मग चेहऱ्यावर ते जुनं, गल्लीच्या तोंडाशी जीप मागे-पुढे करायला लावतानाचं हसू आलं. रागाचं नव्हतं.

"बेरिंग वाजी ऱ्हायनं तुनं, पिंपळनेर."

मी मान खाली घातली. पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पाठीवर थोपटलं, आणि म्हणाले, "जाय. गाडी चुकाडू नको."

दारातून मी मागे वळून पाहिलं. नानांनी मुठीतला कापूस नीट वळून माझ्या बाजूच्या कानात परत घातला, दुसऱ्या कानातला काढला, तो कान डेकला लावला, आणि कॅसेट मागे घ्यायला लागले.